खुनी कोण, ते मास्तर ठरवायचे

बाई बावीस वर्षं खून टाइप करत होत्या. गळा दाबून, पाण्यात बुडवून, औषधाच्या बाटलीत भलतंच काही मिसळून, एकदा तर इस्त्रीच्या वायरने. एकूण एकोणचाळीस कादंबऱ्या आणि सगळ्या मास्तरांच्या. मास्तर पूर्वी कधीतरी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हाचं हे नाव त्यांना चिकटलं होतं. शाळा सुटली, पण पाठीमागे हात बांधून येरझारा घालत बोलायची सवय काही सुटली नाही. ते बोलायचे, बाई टाइप करायच्या. खिडकीखाली टायरवाल्याचं दुकान होतं, तिथे हातोडे पडत असायचे, आणि त्या ठोक्यांच्या वर आवाज चढवून मास्तर माणसं मारायचे.

बाईंना तिथे लावलं होतं त्यांच्या नवऱ्याने. तो मास्तरांची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात फोरमन होता. तीन यंत्रं एकदम चालू असली तरी त्याची हाक दारापर्यंत ऐकू जायची, असा गळा. मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. खिळे जुळवणारे जुळारी वैतागले होते. तेव्हा फोरमन म्हणाला, "आमच्या घरी टाइप येणारं माणूस आहे. पाठवून देऊ?" आणि बाई आल्या.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांना धडा दिला. टेबलावर बुटांचं रिकामं खोकं होतं, त्यात जाड कागदाची कार्डं उभी लावलेली. मास्तरांनी एकेक काढून दाखवलं. एकावर लिहिलं होतं, 'पोलीस. खचलेला. बायको सोडून गेलेली.' दुसऱ्यावर, 'मित्र. जिवाला जीव देणारा. दीडशेव्या पानाला मरतो.' तिसऱ्यावर, 'विधवा. देखणी. सगळ्यांचा संशय हिच्यावर, म्हणून निर्दोष.' मग एक गोडबोल्या डॉक्टर, एक वाया गेलेला पुतण्या, एक सगळं पाहणारी पण कुणी विचारत नाही म्हणून न बोलणारी म्हातारी.

"जगात माणसं सात-आठच असतात, बाई," मास्तर म्हणाले. "बाकीचे सगळे त्यांचेच, कपडे बदलून आलेले."

"आणि यात खुनी कुठला?"

मास्तर खूश झाले. चेहराच उजळला त्यांचा. "खुन्याचं कार्ड नसतं. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, तो खुनी. पण एक आहे. पहिल्या चाळीस पानांत तो वाचकाला भेटलाच पाहिजे. दार उघडताना, चहा आणताना, छत्री झटकताना. वाचकाने त्याला बघायचं आणि विसरायचं. शक्य झालं तर थोडं आवडूनही घ्यायचं. मग शेवटी त्याचा हात धरला की वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. परक्याने खून केला तर कुणाला काय वाटणार? आपल्यातला हवा."

मांडणीही ठरलेली होती. पाचव्या पानाच्या आत मुडदा. पहिला एक तृतीयांश भाग संपेपर्यंत वाचकाने मनातल्या मनात एकाला फासावर चढवलेलं असलं पाहिजे. बरोबर मध्यावर दुसरा मुडदा, आणि तो नेमका त्याचाच. तिथून पुढे पोलिसाचे हाल; वरिष्ठ रागावतात, तपास काढून घेतात. शेवटच्या तीस पानांत एक क्षुल्लक गोष्ट, जी सगळ्यांनी पाहिली पण कुणीच उचलली नाही, ती त्याच्या हाताला लागते.

बाई हे सगळं दोन वर्षांत शिकल्या. पुढे पुढे तर मास्तरांपेक्षा त्यांनाच जास्त आठवायला लागलं. त्या मान वर न करता म्हणायच्या, "मास्तर, या माणसाचा डावा हात तिसऱ्या प्रकरणात प्लास्टरमध्ये आहे. गळा कसा दाबणार?"

"अरेच्चा. मग काढून टाका प्लास्टर."

"अकरा पानं परत करावी लागतील. त्यापेक्षा पायाला घालू या."

आणि प्लास्टर पायाला जायचं. पुस्तकाच्या सुरुवातीला मास्तर प्रकाशकाचे आभार मानायचे, छापखान्याचे मानायचे, बायकोचे मानायचे. बाईंचे कधी मानले नाहीत, आणि बाईंच्याही ते कधी मनात आलं नाही. एकदा नवऱ्यानेच विषय काढला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "खुनाच्या पुस्तकात माझं नाव कशाला?"

मग नवऱ्याला झटका आला. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्याची हाक तीन यंत्रांच्या वर ऐकू जायची, त्याच्या तोंडून नुसती घरघर येऊ लागली. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. घरात तिला बेबी म्हणत. बापाची फार लाडकी. बापाला बोलता येत नाही म्हणून तिने बाजारातून एक छोटी पितळी घंटा आणली आणि त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. "बाबा, काही लागलं की वाजवायची," ती म्हणाली. बाबांनी लगेच वाजवून दाखवली, आणि मायलेकी दोघी हसल्या.

ती घंटा दोन वर्षं वाजली. पाणी, कूस बदलणं, माशी बसली म्हणून, उशी सरकली म्हणून, कधी नुसतं कुणी दिसत नाही म्हणून. दिवसाला चाळीस वेळा, पन्नास वेळा. सकाळी बेबी कॉलेजात जाण्याआधी आणि दुपारी ती आल्यावर बाई मास्तरांकडे जाऊन यायच्या. मधला वेळ घंटेचा. बाईंच्या कानात ती इतकी बसली की टाइपरायटरची ओळ संपल्याची टिंग झाली तरी त्या खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. मास्तर म्हणायचे, "बसा, बसा, ओळ संपलीय." त्यांना त्याची मौज वाटायची.

एका दुपारी बेबीची परीक्षा होती. नवऱ्याला पेज भरवून, तोंड पुसून, बाई मागच्या जिन्यावर येऊन बसल्या. हातात संत्रं होतं. उन्हाची तिरीप पायऱ्यांवर पडली होती. त्यांनी साल काढली, पहिली फोड तोंडात टाकली, आणि घंटा वाजली.

बाई उठल्या नाहीत. आत्ताच तर सगळं करून आले, त्यांच्या मनात आलं. एवढं संत्रं खाऊ दे मला. घंटा दुसऱ्यांदा वाजली, जरा जास्त वेळ. त्यांनी आणखी एक फोड सोलली. तिसऱ्यांदा वाजली ती तुटक, अर्धवट. मग शांत झालं. बाईंना बरं वाटलं. त्यांनी संत्रं संपवलं, साली पदरात गोळा केल्या आणि आत गेल्या. पेज उलटून घशात अडकली होती. घंटा अंथरुणातून खाली पडली होती.

डॉक्टर म्हणाले, असं कधीही होऊ शकलं असतं, तुम्ही शेजारी असतात तरी. परीक्षेहून आलेल्या मुलीला बाईंनी सांगितलं, "झोपेतच गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना." मुलीने विचारलं, "घंटा वाजवली नाही?" बाई म्हणाल्या, "नाही गं."

महिन्याने त्या कामावर गेल्या. टाइपरायटरवर कागद चढवला आणि त्यांना एकदम रडू फुटलं. मास्तर येरझारा थांबवून समोर बसले. त्या दिवशी बाईंनी सगळं सांगितलं. जिना, ऊन, संत्रं, तिन्ही वेळची घंटा. आयुष्यात त्या एकाच माणसाजवळ बोलल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, "तिसरी घंटा वाजली आणि बंद झाली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"बरं वाटलं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. माणूस दमतो." बाईंना वाटलं, देवमाणूस आहे.

नऊ वर्षं गेली. बेबीचं लग्न झालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं सासर. मास्तर चाळिसावी कादंबरी सांगायला लागले. सुरुवात नेहमीसारखीच. एक निवृत्त कारखानदार अंथरुणाला खिळलेला. चौथ्या पानावर तो मेलेला सापडतो. वाया गेलेला पुतण्या, गोडबोल्या डॉक्टर, देखणी सून, सगळे हजर. बायको होती, पण ती नुसती चहा आणायची, दार उघडायची. बाईंनी तिला अठराव्या पानावर पाहिलं आणि त्याही तिला विसरल्या. खरं सांगायचं तर त्यांना ती आवडली होती. मध्यावर पुतण्याचा मुडदा पडला. तपास काढून घेतला गेला. बाईंनी दोन चुका दाखवल्या, त्या दुरुस्त झाल्या.

शेवटचं प्रकरण सांगायला मास्तर सकाळीच तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, अंगात नवा सदरा. पोलीस त्या बायकोसमोर बसतो आणि विचारतो, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात? ती म्हणते, मागच्या जिन्यावर.

बाईंची बोटं चालत राहिली.

पितळी घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा तिच्या हातात सोललेलं संत्रं होतं, मास्तर सांगत होते. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा तिने एक फोड तोंडात टाकली आणि मोजली. दोन. घंटा वाजत राहिली, ती मोजत राहिली. तीन, चार, पाच. तिला ठाऊक होतं आत काय चाललंय. पेज तिनेच घट्ट केली होती. घंटा थांबली तेव्हा एक फोड उरली होती. नववी. ती तिने सावकाश खाल्ली. आणि तिला बरं वाटलं. पूर्णविराम.

बाईंनी पूर्णविराम दिला. पानभर एकही चूक नव्हती. मग त्यांनी दोन्ही हात मांडीत घेतले.

"मास्तर, घंटा काढा."

"का?"

"माझी मुलगी आहे. तिच्या सासूबाई तुमचं प्रत्येक पुस्तक आणतात. घंटा काढा, संत्रं काढा."

मास्तर खरोखरच बुचकळ्यात पडलेले दिसले. "अहो, संत्र्यावर तर सगळी कादंबरी उभी आहे. आणि ही तुम्ही कुठे आहात? ही कारखानदाराची बायको. तुम्ही काय पेज घट्ट केली होती?"

"नाही."

"मग झालं तर. वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही. उलट सांगतो तुम्हाला, चाळीस पुस्तकांत मला असा खुनी मिळाला नव्हता. वीस वर्षं डोळ्यांसमोर बसलेला, आणि मी बाहेर शोधत होतो."

हे ते कौतुकाने म्हणाले. बाईंनी आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते, त्या दिवशी मास्तरांचे धरले. मास्तर अवघडले. दोन दिवस घुश्श्यात राहिले आणि तिसऱ्या दिवशी कबूल झाले. घंटेच्या जागी भिंतीवर काठी आपटायची ठरली, संत्र्याच्या जागी शिवण. बाईंनी सतरा पानं नव्याने टाइप केली, जुनी फाडून टाकली आणि गठ्ठा स्वतःच्या हाताने छापखान्यात दिला.

पुस्तक आलं तेव्हा त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. काय आहे ते त्यांना पाठच होतं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी बेबी आली. तिला सहावा महिना होता. जिना चढून धाप लागली होती. बाईंनी पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं. एका पानाचा कोपरा दुमडला होता.

"सासूबाईंनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना," ती म्हणाली. "त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, बघ गं, तुझ्या बाबांच्याही हाताशी अशीच घंटा होती ना? मी घास तसाच ठेवून उठले."

बाईंनी पान बघितलं. घंटा होती. संत्रं होतं. जुनी पानं फाडली, पण त्यांची कार्बन कॉपी मास्तरांच्या कपाटात होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मुद्रितं तपासताना मास्तरांनी सगळं होतं तसं परत घातलं होतं.

"आई, घंटा वाजली होती?"

खोटं कसं बोलतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. चाळीस पुस्तकांत शेकडो जण त्यांच्या बोटांखालून खोटं बोलून गेले होते. नुसतं 'नाही' म्हणायचं, आणि पुढे काही जोडायचं नाही. पण समोर बेबी होती, पोटावर हात ठेवून उभी.

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

"तू कुठे होतीस?"

"जिन्यावर."

"काय करत होतीस?"

"संत्रं खात होते, बेबी. मला वाटलं, आत्ताच तर—"

"पेज?"

"पेजेचं त्यांनी घातलंय. ते खोटं आहे. देवाशपथ खोटं आहे."

बेबी हसली. तिला असं हसताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे घंटेचं खरं, संत्र्याचं खरं, जिन्याचं खरं, आणि पेजेचं तेवढं खोटं. मला झोपेत गेले म्हणून सांगितलंस. नऊ वर्षं. ती घंटा मी आणली होती, आई. मी त्यांना सांगितलं होतं, लागलं की वाजवा. त्यांनी वाजवली."

"तू परीक्षेला होतीस, मला तुला कसं—"

"मला हात लावू नकोस," बेबी म्हणाली. बाई नुसत्या पुढे झाल्या होत्या.

ती गेली. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, आणि बाईंना वर उभं राहून बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई मास्तरांकडे गेल्या. मास्तर आनंदात होते. दुसरी आवृत्ती निघत होती. "अहो, काठीत मजा नव्हती," ते म्हणाले. "तुम्हालाही ठाऊक आहे. खरं सांगा, टाइप करताना तुम्हालाही कळलं होतं की नाही, काठी फिकी पडते म्हणून?"

सगळ्यात वाईट हे की बाईंना ते कळलं होतं. शिवणीचं प्रकरण टाइप करताना त्यांच्या मनात आलं होतं की हे फुसकं झालंय. त्यांनी टाइपरायटरवर आच्छादन घातलं, खुर्चीवरची आपली उशी काखेत मारली आणि निघाल्या. खोक्यातल्या कार्डांवरून जाता जाता त्यांची नजर गेली. पुढचंच कार्ड नवं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'टायपिस्ट. विश्वासू. हिच्याकडे कुणी बघत नाही.' वापरून झाल्याची लाल खूणही होती.

मुलगा झाल्याची बातमी त्यांना शेजारणीकडून कळली. ती शेजारीण पूर्वी आपल्या आजारी सासूला दुपारच्या दोन तास बाईंच्या भरवशावर सोडून बाजाराला जायची. पुस्तक घरोघर गेल्यावर ती सासूला खुर्चीत बसवून बरोबर न्यायला लागली. कधी भांडण नाही, टोमणा नाही. दारात भेटली की गोड बोलायची. बिल्डिंगमधली पोरं बाईंच्या दाराची बेल पुन्हा पुन्हा वाजवून पळायची. प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा मोजत, पुस्तकातल्यासारखा. कुणीतरी त्यांना ते बरोबर शिकवलं होतं.

याहून वाईट गोष्ट बाईंच्या डोक्यात घडली. त्या दुपारी आपण किती फोडी खाल्ल्या, हे त्यांना खरं तर कधीच आठवत नव्हतं. आता त्यांना नऊ आठवायला लागल्या. मोजल्याचंही आठवायला लागलं. पेज भरवताना ती घट्ट झाली होती का, पाणी घालायला हवं होतं का, आपल्या ते लक्षात आलं होतं का? त्या भांड्याकडे बघत उभ्या राहायच्या. चांगलं लिहिलेलं होतं ते. खऱ्याला त्याच्यापुढे टिकता येईना.

पोट होतं, म्हणून बाईंनी कोर्टाच्या आवारात टेबल टाकलं. पत्र्याच्या छपराखाली दहा-बारा टायपिस्ट बसायचे, त्यांत शेवटची जागा मिळाली. तिथे त्या लोकांचे जबाब टाइप करू लागल्या. त्यांत मांडणी अशी काही नव्हतीच. मुडदा कधी पहिल्या ओळीत, कधी शेवटपर्यंत नाही. संशय ज्याच्यावर, बहुतेक वेळा केलेलं त्यानेच असायचं, आणि तो स्वतःच चौकीवर जाऊन सांगायचा. भावाने भावाला मारलं, कारण दार जोरात लावलं. एका म्हाताऱ्याला विचारलं, का मारलंत? तो म्हणाला, लिहा काहीतरी. सात-आठ जातीची माणसं इथे पुरली नसती. बाई ऐकायच्या तेवढंच टाइप करायच्या. मनाचं एक अक्षर घालायच्या नाहीत.

दोन वर्षांनी मास्तर तिथे आले. काठी टेकत, गर्दीत चुकत माकत, प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारत. खूप थकले होते. काखेत गठ्ठा होता.

"बाई, नवी मुलगी आहे एक. मी बोलतो ते सगळं टाइप करते. मी खोकलो तर तेही करते." ते हसले. बाई हसल्या नाहीत. "एकदा नजर टाका. कुठेतरी गुंता झालाय, पण मला सापडत नाही. हल्ली... हल्ली मागचं राहत नाही डोक्यात. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही मी. तुम्हाला सांगतोय."

"ठेवा," बाई म्हणाल्या.

चार दिवस त्यांनी ते वाचलं. गुंता कसला, चिंध्या झाल्या होत्या. नवव्या प्रकरणात ज्या ड्रायव्हरचा खून होतो, तो एकविसाव्यात येऊन साक्ष देतो. ज्या बाटलीत विष, तिच्यातलं औषध खुनी स्वतःच दोनदा घेतो आणि ठणठणीत राहतो. पोलिसाची सोडून गेलेली बायको मधेच स्वयंपाकघरात उभी. शंभर पानांनंतर माणसांचे कामधंदे बदलले होते. डॉक्टरचा वकील झाला होता आणि कुणालाच नवल वाटत नव्हतं. बाईंनी पेन्सिल घेतली. पहिल्या तासाभरातच त्यांना सगळं कुठे आणि कसं जोडायचं ते दिसलं. ड्रायव्हरला जुळा भाऊ देण्याइतकंही काही करावं लागणार नव्हतं. नववं प्रकरण उचलून एकविसाव्यानंतर ठेवलं की निम्मं काम झालं असतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

पाचव्या दिवशी मास्तर आले तेव्हा बाईंनी गठ्ठा दोन्ही हातांनी परत दिला. "सुरेख झालंय, मास्तर. एका अक्षराला हात लावू नका. छापखान्यात बदलायला सांगितलं तरी बदलू नका."

"खरंच?"

"गुंता वाटतो, पण तोच वाचकाला धरून ठेवतो. तुमचं सगळ्यात चांगलं पुस्तक."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "मला भीती वाटत होती, बाई. वाटलं, संपलो." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले, "या वेळी तुमचे आभार मानतो पहिल्या पानावर."

"माना की," बाई म्हणाल्या.

प्रकाशकाने शंका काढली, पण मास्तर हट्टाला पेटले. पुस्तक आलं. पंधरा दिवसांत गावभर हसू झालं. वाचनालयात कुणीतरी पुस्तकाच्या आत चिठ्ठी चिकटवली, 'ड्रायव्हर मेल्यावर वाचावे.' मास्तर फिरायला निघाले की रिक्षावाले विचारायचे, "काय मास्तर, सोडू का? मी मेलेलो नाही अजून." तीस वर्षं वाचत आलेल्यांनी पत्रं लिहिली, काही रागाची, काही कीव केलेली. प्रकाशकाने पुढचं पुस्तक नको म्हणून सांगितलं, तेही कारकुनाच्या हातून. मास्तर घराबाहेर पडेनासे झाले.

महिनाभराने मास्तरांची बायको बाईंच्या टेबलापाशी आली. ती मास्तरांशी भांडायची नाही आणि बाईंशी फारसं बोलायचीही नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "दिवसभर ती कार्डं काढतात, परत लावतात. काल मला विचारलं, तू यातली कुठली? मी म्हटलं, बायको. तर बायकोचं कार्ड शोधत बसले." मग म्हणाली, "तुम्ही वाचलं होतं ना ते?"

"हो."

"चार दिवस ठेवून घेतलं होतंत."

"हो."

"मग दिसलं नाही तुम्हाला?"

बाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. "सगळं दिसलं," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या बायकोने पदर सावरला आणि गर्दीतून वाट काढत गेली. त्या दुपारी बाईंना कडकडून भूक लागली आणि त्या पोटभर जेवल्या. आपल्याला वाईट वाटायला हवं, म्हणून त्यांनी पुढे काही दिवस मनाशी प्रयत्नही केला. म्हातारा खोकत गठ्ठा घेऊन येतोय, असं डोळ्यांसमोर आणलं. पण आत काही हललं नाही.

बेबी आली ती त्यानंतरच्या वर्षी. दुसऱ्या देशात जाऊन राहायचं ठरलं होतं, कागद करायला नवरा-बायको कोर्टात आले होते. एक फॉर्म टाइप करून आजच द्यायचा होता, आणि बाकीच्या टेबलांवर रांगा होत्या. जावयाने बाईंना पाहिलं, तो घुटमळला, बायकोच्या कानाशी काही बोलला. बेबीने शेवटच्या टेबलाकडे पाहिलं. मग ती सरळ चालत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली. तीन वर्षांचा मुलगा बापाच्या कडेवर होता. त्याची हनुवटी थेट फोरमनची होती. बाईंनी बघितलं आणि नजर कागदावर आणली.

फॉर्म तब्येतीचा होता. बेबी एकेक प्रश्न वाचायची आणि उत्तर सांगायची. आवाजात काही नव्हतं. परक्या टायपिस्टला सांगावं तसं सांगत होती. "लिहा," ती म्हणायची. लहानपणापासून जिने 'आई, हे दे गं, आई, हे लिही गं' म्हटलं होतं, ती म्हणत होती, "लिहा."

जन्मतारीख लिहून झाली. ऑपरेशनं, नाही. दमा, नाही. मग प्रश्न आला, वडील हयात आहेत का.

"नाही, लिहा."

बाईंनी लिहिलं.

"मृत्यूचं कारण," बेबीने वाचलं, आणि ती थांबली. मागे रांग लागली होती. जावई मुलाला घेऊन दोन पावलं लांब गेला. बाईंची बोटं अक्षरांवर होती. काय सांगेल ते टाइप करायचं, त्यांनी ठरवलं होतं. काहीही सांगितलं तरी.

"नैसर्गिक," बेबी म्हणाली.

बाईंनी वर बघितलं.

"दुसरं काही लिहिलं की चौकशी लागते," बेबी म्हणाली. "लिहा."

बाईंनी ते टाइप केलं. पुढचा प्रश्न होता, आई हयात आहे का. तिथे बेबीने मान हलवून हो म्हटलं आणि लगेच त्याच्या पुढचा प्रश्न वाचायला घेतला. आईला कुठले आजार आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. "काही नाही, लिहा," ती म्हणाली. बाईंचा साखरेचा आजार त्या वर्षी डोळ्यांत उतरला होता. त्यांनी लिहिलं, काही नाही.

कागद काढून बेबीने तो नीट वाचला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि उठली. मुलगा टाइपरायटरकडे बोट दाखवून बापाला काहीतरी विचारत होता. रांगेतला पुढचा माणूस स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाई, जरा घाईत आहे." बाईंनी नवा कागद चढवला.